भाड्याच्या सर्व्हरवर स्वतःचा व्हीपीएन

इचलकरंजी, जळगाव, लातूर अशा कुठल्याही गावातलं एखाद्या कर सल्लागाराचं कार्यालय डोळ्यांसमोर आणा. एका कॉम्प्युटरवर टॅली, त्यातच सगळ्या क्लायंटांचे हिशेब. रिटर्न भरायची मुदत जवळ आली की रात्री घरी बसूनही काम उरकावं लागतं. मग ओळखीचा कॉम्प्युटरवाला येतो, इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्यायला लावतो, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून देतो आणि विंडोजचा रिमोट डेस्कटॉप घरून चालू होतो. सोय होते, पण त्या क्षणापासून ३३८९ क्रमांकाचं ते पोर्ट जगातल्या कुणालाही दिसतं. इंटरनेटवरचा एकेक पत्ता चाचपत फिरणारे प्रोग्रॅम ते हुडकतात आणि मग रात्रंदिवस पासवर्डचे अंदाज लावत बसतात. पासवर्ड अवघड ठेवला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. मे २०१९ मध्ये उघडकीला आलेल्या ‘ब्लूकीप’ या दोषात पासवर्डची गरजच नव्हती. तो इतका गंभीर होता की, जिची देखभाल २०१४ मध्येच थांबवली होती त्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली. रॅन्समवेअर पसरवणाऱ्यांना असं उघडं पोर्ट म्हणजे आयता रस्ता. सकाळी कार्यालय उघडावं तर सगळ्या फायली कुलूपबंद आणि पडद्यावर खंडणीची मागणी, असे प्रकार छोट्या गावांतल्या छोट्या कार्यालयांतही घडतात.

हा रस्ता बंद करून घरून काम करण्याची सोय मात्र तशीच ठेवता येते. त्यासाठी लागतो तो स्वतःचा व्हीपीएन. महिन्याला साधारण पाचशे रुपयांत क्लाउडवर एक छोटा सर्व्हर भाड्याने मिळतो, त्यावर चालणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि लिनक्सची थोडी ओळख असलेल्या माणसाला एका दुपारी ही जोडणी उभी करता येते. आपल्याकडे व्हीपीएन म्हटलं की जाहिरातींतलं चित्र आठवतं: बटण दाबलं की आपण अमेरिकेत, आपली ओळख कुणालाच नाही. या लेखातला व्हीपीएन तो नव्हे. स्वतःचा व्हीपीएन आपल्याला लपवत नाही. तो आपल्याच दोन ठिकाणांमध्ये एक खासगी, बंदिस्त वाट तयार करतो. हा फरक नीट समजला नाही तर पैसे वाया जातात आणि भलताच भरवसा वाटू लागतो.

आतली यंत्रणा समजायला सोपी आहे. आपला फोन किंवा लॅपटॉप जी माहिती पाठवतो ती लहान लहान पॅकेटांत विभागलेली असते आणि प्रत्येक पॅकेटवर कुठून कुठे जायचं तो पत्ता असतो. व्हीपीएन हे अख्खं पॅकेट, पत्त्यासकट, एन्क्रिप्ट करून दुसऱ्या पॅकेटात घालतो. बंद पाकीट आणखी एका पाकिटात घालून वर एकच पत्ता लिहावा, तसं. बाहेरचा पत्ता असतो व्हीपीएन सर्व्हरचा. मधल्या वाटेवरचे सगळे, म्हणजे हॉटेलचं वाय-फाय, इंटरनेट कंपनी, मोबाइल कंपनी, फक्त एवढंच पाहू शकतात की या माणसाची त्या सर्व्हरशी देवाणघेवाण चालू आहे. सर्व्हर बाहेरचं आवरण काढतो आणि आतलं पॅकेट त्याच्या खऱ्या मुक्कामी धाडतो.

म्हणजेच जे इंटरनेट कंपनीला दिसत होतं ते आता सर्व्हर चालवणाऱ्याला दिसतं. सगळा प्रश्न इथे येऊन ठेपतो. आज बहुतेक वेबसाइट एचटीटीपीएसवर चालतात, त्यामुळे पानावरचा मजकूर किंवा पासवर्ड मधल्या कुणाला वाचता येत नाही. पण आपण कोणत्या साइटवर गेलो, कधी, किती वेळ, हे बऱ्याच अंशी कळतं. फुकटचं व्हीपीएन ॲप उतरवलं की हा सगळा तपशील एका अनोळखी कंपनीच्या हवाली होतो. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या आणि तिथल्या एका विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह अँड्रॉइडची २८३ व्हीपीएन ॲप तपासली. त्यांतली १८ टक्के ॲप माहिती एन्क्रिप्टच करत नव्हती आणि ३८ टक्क्यांत मालवेअरच्या खुणा होत्या. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेलं ‘ओनावो’ हे ॲप लोक सुरक्षिततेसाठी वापरत होते आणि त्यातून फेसबुकला कळत होतं की लोक प्रतिस्पर्ध्यांची कोणती ॲप किती वापरतात. ॲपलच्या आक्षेपानंतर २०१८ मध्ये ते ॲप स्टोअरमधून काढावं लागलं आणि पुढच्या वर्षी बंद झालं. ‘होला’ या फुकट सेवेचं गुपित २०१५ मध्ये गाजलं: तिच्या वापरकर्त्यांचं इंटरनेट कनेक्शनच दुसऱ्या ग्राहकांना विकलं जात होतं. चांगल्या, पैसे घेणाऱ्या सेवाही आहेत. त्या सगळ्यांना एकाच तराजूत तोलणं योग्य नाही. पण ‘आम्ही कसलीही नोंद ठेवत नाही’ हा त्यांचा शब्द सामान्य ग्राहकाला घरबसल्या पडताळून पाहता येत नाही, हे खरंच.

मग स्वतःच्या सर्व्हरच्या बाबतीत भरवसा कुणावर ठेवायचा? थोडा स्वतःवर आणि उरलेला क्लाउड कंपनीवर. यंत्र त्यांचं, डिस्क त्यांची, मेमरी त्यांची. शिवाय त्यांच्याकडे आपलं नाव, कार्ड, पत्ता सगळं असतं. सर्व्हरला एकच ठरलेला आयपी पत्ता मिळतो आणि तो वापरणारे आपण एकटे किंवा आपल्या घरचे चारजण. मोठ्या व्हीपीएन सेवेत एका पत्त्यामागे शेकडो लोक असतात, त्या गर्दीत माणूस हरवतो. इथे गर्दीच नाही. निनावी राहायचं असेल तर स्वतःचा व्हीपीएन हा चुकीचा पर्याय आहे, हे मी कुणालाही स्पष्ट सांगेन.

भारतातल्या नियमांनीही हे अधोरेखित केलं आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. डेटा सेंटर, क्लाउड कंपन्या, भाड्याने सर्व्हर देणारे आणि व्हीपीएन सेवा विकणारे या सगळ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, दिलेले आयपी अशी माहिती किमान पाच वर्षं जपून ठेवावी, असं त्यांत सांगितलं. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला हा नियम लागू नाही. जनतेला सेवा पुरवणाऱ्यांसाठी तो आहे, असा खुलासा सर्ट-इनने नंतर केला. स्वतःपुरता व्हीपीएन चालवायला देशात सरसकट बंदी नाही. मात्र जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी तात्पुरती बंदी घातली आहे. दुबई-अबुधाबीत राहणाऱ्या मराठी वाचकांनी तर तिथला कायदा लक्षात ठेवायलाच हवा. गुन्हा करण्यासाठी किंवा तो दडवण्यासाठी आयपी पत्ता बदलला तर अमिरातीत तुरुंगवास आणि पाच लाख ते वीस लाख दिर्हम दंडाची तरतूद आहे.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. इथे निवड सोपी झाली आहे आणि तिचं श्रेय जेसन डोनेनफेल्ड या प्रोग्रॅमरला जातं. जुनं आयपीसेक भक्कम, पण जुळवायला किचकट. २००१ पासूनचं ओपनव्हीपीएन वर्षानुवर्षं उपयोगी पडलं, आजही पडतं. पण या दोन्हींत एन्क्रिप्शनच्या असंख्य पद्धतींतून निवड करावी लागते आणि जिथे निवड तिथे चुकीला वाव. डोनेनफेल्ड यांनी वायरगार्ड लिहिताना ही निवडच काढून टाकली. किल्ल्यांसाठी कर्व्ह२५५१९, एन्क्रिप्शनसाठी चाचा२० आणि पॉली१३०५, बस्स. दुसरा पर्याय नाही. २०१७ मध्ये त्यांनी यावरचा शोधनिबंध मांडला तेव्हा लिनक्ससाठीचा गाभा जेमतेम चार हजार ओळींचा होता, म्हणजे एका जाणकाराने बसून सगळा वाचावा इतका. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स हे कौतुकाच्या बाबतीत हात आखडता घेणारे. त्यांनीही २०१८ मध्ये ओपनव्हीपीएन आणि आयपीसेकशी तुलना करून याला कलाकृती म्हटलं. मार्च २०२० मध्ये लिनक्स ५.६ बरोबर वायरगार्ड थेट कर्नलमध्ये दाखल झालं.

वायरगार्डचा मला सर्वांत आवडणारा गुण म्हणजे त्याचं मौन. ओळखीची किल्ली नसलेल्या कुणीही दार ठोठावलं तर ते उत्तरच देत नाही. ‘प्रवेश नाही’ एवढंही म्हणत नाही. पोर्ट चाचपत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला तिथे काही चालू आहे याचा पत्ताच लागत नाही. रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट कुणालाही ओ देत होतं, त्याच्या नेमकं उलट.

सर्व्हर घ्यायचा कुठे? आपल्या कर सल्लागारासाठी उत्तर सरळ आहे: मुंबईत. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, गूगलचंही मुंबईत आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात आहे, डिजिटलओशनचं बंगळूरला. अंतर इथे महत्त्वाचं ठरतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो आणि समुद्राखालच्या केबली वळणं घेत जातात. म्हणून फ्रँकफर्टचा सर्व्हर निवडला तर प्रत्येक क्लिकला जाऊन-येऊन शंभराहून अधिक मिलिसेकंद लागतात. वाचायला ते क्षुल्लक वाटतं. पण रिमोट डेस्कटॉपवर व्हाउचर नोंदवताना प्रत्येक अक्षर उशिरा उमटू लागलं की माणूस कंटाळतो.

सर्व्हर लहानात लहान पुरतो. एक जीबी मेमरी, एक प्रोसेसर, महिन्याला चार ते सहा डॉलर आणि वर जीएसटी. बिलात दोन गोष्टी आधी पाहाव्यात. काही कंपन्या ठरावीक डेटा त्या भाड्यातच देतात, तर काही बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीचे वेगळे पैसे लावतात. व्हिडिओ पाहण्यासाठी व्हीपीएन वापरला तर हा दुसरा हिशेब अंगावर येतो. दुसरं म्हणजे आयपी पत्ता: ॲमेझॉन फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट आकारतं, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरहून थोडं जास्तच. खातं उघडताना बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावे लागतात, नाहीतर पहिल्याच पायरीवर गाडी अडते.

सर्व्हर हाती आला की वायरगार्डच्या आधी त्याची राखण करायची. सर्व्हर दुरून हाताळण्यासाठी एसएसएचचं २२ क्रमांकाचं पोर्ट उघडं असतं आणि नव्या सर्व्हरवर पासवर्डचे अंदाज लावणारे लगेचच येऊन थडकतात. म्हणून पासवर्डने प्रवेश पूर्ण बंद करायचा, फक्त किल्लीच्या फायलीने आत जायचं आणि सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसतील अशी व्यवस्था लावायची. उबंटू लिनक्समध्ये ही सोय तयार असते. राउटरवरचं एक पोर्ट बंद करून क्लाउडवर दुसरं भोक पाडण्यात काही अर्थ नाही.

वायरगार्डमध्ये वापरकर्त्याचं नाव नाही, पासवर्ड नाही. फक्त किल्ल्यांच्या जोड्या आहेत. प्रत्येक यंत्राची एक खासगी किल्ली आणि तिच्यापासून काढलेली एक सार्वजनिक किल्ली. किल्ली २५६ बिटांची असते आणि लिहिली की ४४ अक्षरांची एक ओळ दिसते. खासगी किल्ली ज्या यंत्रावर तयार झाली तिथून कधीच बाहेर पडू नये. सार्वजनिक किल्ल्यांची मात्र अदलाबदल होते: सर्व्हरच्या वायरगार्डच्या फायलीत प्रत्येक यंत्राची, प्रत्येक यंत्राच्या फायलीत सर्व्हरची. सगळी मांडणी दहा-बारा ओळींत मावते. सर्व्हरला या खासगी जाळ्यात १०.८.०.१ असा पत्ता द्यायचा, कार्यालयातल्या कॉम्प्युटरला १०.८.०.२, घरच्या लॅपटॉपला १०.८.०.३. सर्व्हर ५१८२० क्रमांकाच्या यूडीपी पोर्टावर ऐकत बसतो. प्रत्येक माणसाला नव्हे, प्रत्येक यंत्राला स्वतंत्र किल्ली द्यायची. फोन हरवला तर सर्व्हरवरून तेवढीच नोंद काढली की काम भागतं. बाकीच्यांना हात लावावा लागत नाही.

‘अलाउड आयपीज’ ही ओळ मात्र सावकाश समजून घ्यावी, कारण सगळं वागणं तिच्यावर ठरतं. लॅपटॉपच्या फायलीत तिथे १०.८.०.० चं एवढंच जाळं लिहिलं, तर फक्त कार्यालयाकडे जाणारी वाहतूक बोगद्यातून जाते. यूट्यूब आणि बाकी सगळं नेहमीच्या वाटेने. तिथे चार शून्यांचा, म्हणजे ‘सगळे पत्ते’ असा अर्थ असलेला मजकूर लिहिला, तर लॅपटॉपचं सगळं इंटरनेट मुंबईच्या सर्व्हरमधून बाहेर पडतं. आपल्या कर सल्लागाराला पहिला प्रकार पुरतो. विमानतळावरच्या किंवा लॉजच्या वाय-फायवर फोन जोडायचा असेल तर दुसरा. दुसऱ्या प्रकारात डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता विचारणारी, चौकशीही बोगद्यातूनच जाईल असं लिहावं लागतं आणि आयपीव्ही६ विसरून चालत नाही. फोनला दोन्ही प्रकारचे पत्ते असतात. फक्त आयपीव्ही४ बोगद्यात घातलं तर उरलेली अर्धी वाहतूक बाहेरूनच जात राहते आणि वापरणाऱ्याला कळतही नाही.

नवखा माणूस हटकून अडतो तो फायरवॉलपाशी. क्लाउडवर फायरवॉल दोन असतात: एक सर्व्हरच्या आतला, दुसरा कंपनीच्या वेबसाइटवरून सांभाळायचा. ५१८२० हे यूडीपी पोर्ट दोन्हीकडे उघडावं लागतं. त्यात वायरगार्डच्या मौनामुळे चूक शोधणं कठीण होतं. चुकीची किल्ली आणि बंद पोर्ट, दोन्हींचा अनुभव सारखाच, नुसती शांतता. अशा वेळी वायरगार्ड जोडणीची जी माहिती दाखवतं तिच्यात ‘लेटेस्ट हँडशेक’ ही ओळ दिसते का ते पाहायचं. ती दिसली तर किल्ल्या आणि पोर्ट दोन्ही ठीक, दोष पुढे आहे. पुढचा दोष बहुतेक वेळा एकच: एका यंत्राकडून आलेलं पॅकेट दुसऱ्याकडे पाठवायची परवानगी लिनक्सला दिलेली नसते. आयपी फॉरवर्डिंग चालू करावं लागतं आणि फायरवॉललाही तसं सांगावं लागतं. इंटरनेट सर्व्हरमधून बाहेर काढायचं असेल तर त्याच्या जोडीला मास्करेड नावाचा नियम लागतो. पानं अर्धवट उघडत असतील तर एमटीयू, म्हणजे पॅकेटाचा आकार, १४२० वरून १२८० पर्यंत उतरवून पाहावा. प्रत्येक पॅकेटावर वायरगार्डचं आवरण चढतं, त्याला जागा हवी.

कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर वायरगार्डचं विंडोज ॲप बसवलं की ते सर्व्हिस म्हणून चालतं. कुणी लॉग-इन करायच्या आधीच बोगदा जोडलेला असतो. वीज जाऊन परत आल्यावर कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू व्हावा, अशी सोय बायोसमध्ये असते, ती चालू करून ठेवावी. त्या यंत्राच्या फायलीत ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ असं लिहायचं. त्याने दर पंचवीस सेकंदांनी एक छोटं पॅकेट सर्व्हरकडे जातं आणि राउटर ती वाट उघडी ठेवतो. याचा मोठा फायदा आपल्याकडे विशेष जाणवतो. आयपीव्ही४ पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला, त्यामुळे अनेक इंटरनेट कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्हीही त्यांतलेच. अशा जोडणीवर बाहेरून आत येताच येत नाही, कितीही पोर्ट फॉरवर्ड केली तरी. पण इथे कार्यालयातला कॉम्प्युटर स्वतःहून बाहेर जाऊन सर्व्हरला भेटतो, घरचा लॅपटॉपही तसाच भेटतो आणि दोघांची गाठ मुंबईत पडते. स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे देण्याची गरज उरत नाही. कोकणातल्या बंद घराचा कॅमेरा पुण्याहून पाहायचा असेल तर हीच पद्धत लागू पडते. फक्त त्या घरात वायरगार्ड चालवणारा राउटर किंवा छोटा कॉम्प्युटर हवा.

शेवटी विंडोजच्या फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपचा नियम फक्त १०.८.०.० च्या जाळ्यापुरता करायचा आणि राउटरमधलं जुनं पोर्ट फॉरवर्डिंग पुसून टाकायचं. हे राहून जातं आणि मग नवं कुलूप लावूनही जुनं दार सताड उघडंच राहतं. मोबाइल डेटावरून जुन्या पत्त्याने जोडून पाहायचं. जोडणी झाली नाही तरच काम पूर्ण झालं.

या व्हीपीएनने सगळंच साधत नाही. कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर कुणी घातक जोडपत्र उघडलं तर व्हीपीएन ते थांबवणार नाही. बॅकअप, तोही यंत्रापासून सोडवून ठेवलेला, त्याला पर्याय नाही. क्लाउडचे पत्ते ओळखून काही व्हिडिओ सेवा दार लावून घेतात, काही साइट वारंवार ‘तुम्ही माणूस आहात का’ विचारतात. काही जाळ्यांवर यूडीपीच अडवलेलं असतं, तिथे वायरगार्ड चालत नाही. ज्यांना सर्व्हर सांभाळायचाच नसेल त्यांनी टेलस्केलसारखी सेवा जरूर पाहावी. ती वायरगार्डवरच बेतलेली आहे, यंत्रांची थेट गाठ घालून देते आणि खासगी किल्ल्या आपल्याच यंत्रांवर राहतात. दोन-तीन कॉम्प्युटरांच्या कार्यालयाला ती पुरेशी आहे, असं माझं मत आहे. ज्याला पुढे त्याच सर्व्हरवर आणखी काही चालवायचं आहे, किंवा आपली वाट कुणाच्या सेवाअटींवर अवलंबून ठेवायची नाही, त्याने स्वतःचा सर्व्हर घ्यावा.

घेतलात तर तो चालू असेपर्यंत त्याच्याकडे लक्ष द्या: महिन्यातून एकदा दुरुस्त्या बसल्या का ते पाहा, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या यंत्रांच्या किल्ल्या त्याच दिवशी काढा. आणि नको झाला तर सर्व्हर नुसता बंद करून थांबू नका, तो क्लाउडच्या खात्यातून पूर्ण काढून टाका. बंद ठेवलेल्या सर्व्हरच्या डिस्कचं आणि राखून ठेवलेल्या आयपी पत्त्याचं भाडं, आणि काही कंपन्यांकडे तर पूर्ण भाडं, दर महिन्याला चालूच राहतं.